मिनेहाहा: ५४ वर्षं तळाशी पडून पुन्हा चाललेली आगबोट

अमेरिकेत मिनीआपोलिस शहराच्या पश्चिमेला मिनेटोंका नावाचं मोठं तळं आहे, गोल वगैरे अजिबात नाही, नुसते फाटेच फाटे, त्यामुळे समोर दिसणाऱ्या गावाला रस्त्याने जायचं म्हटलं तर भलामोठा वळसा. १९०५ मध्ये ट्विन सिटी रॅपिड ट्रान्झिट या ट्राम कंपनीने आपली लाइन तळ्याकाठच्या एक्सेल्सियर गावापर्यंत आणली. रूळ संपले, पुढे पाणी. मग कंपनीने काय केलं, तर १९०६ मध्ये सरळ सहा लाकडी आगबोटी बांधल्या, त्यांना ट्रामचाच पिवळा रंग फासला, ट्रामसारखंच टाइमटेबल लावलं आणि ट्राममधून उतरलेल्या माणसाला धक्क्यावर बोट तयार. त्यातलीच एक मिनेहाहा. लांबी साधारण ७० फूट, खाली केबिन, वर उघडा डेक, पोटात वाफेचं इंजिन.

वीस वर्षं झकास चाललं. मग घरोघरी मोटारी आल्या, रस्ते झाले, आणि १९२६ मध्ये सेवा बंद. कंपनीने तीन बोटींमधलं कामाचं सामान काढून घेतलं आणि त्या तळ्यातच बुडवून टाकल्या, त्यात मिनेहाहा होती. १९७९ मध्ये ती तळाशी सापडली, १९८० मध्ये वर काढली, पुढची दहा वर्षं नुसती पडून, मग १९९० पासून दुरुस्ती आणि १९९६ मध्ये ती परत प्रवासी घेऊन फिरायला लागली. चालवणारे सगळे हौशी स्वयंसेवक.

आता कुणीही विचारेल की ५४ वर्षं पाण्याखाली राहिलेलं लाकूड कुजलं कसं नाही. खरं तर पाण्याखाली होतं म्हणूनच कुजलं नाही. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि बुरशीला ओल पाहिजे तशी हवाही पाहिजे. लाकडात साधारण २० टक्क्यांवर ओलावा गेला की तिचं फावतं, पण लाकूड पूर्ण भिजून आतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायू मिळत नाही आणि तिचं काम थांबतं. वर तळाचं पाणी थंड. शिवाय समुद्रात लाकूड पोखरणारे जे किडे असतात ते खाऱ्या पाण्यातले, गोड्या पाण्याच्या तळ्यात त्यांचा प्रश्नच नाही. तीच बोट मुंबईच्या बंदरात बुडवली असती तर पन्नास वर्षांनी वर काढायला फारसं काही उरलंच नसतं.

लाकडी बोट जाते ती बहुतेक वेळा वरून. पावसाचं गोडं पाणी डेकच्या फटीतून, खिडकीच्या चौकटीतून, खिळ्याच्या भोकातून आत झिरपतं, तिथे हवा पण असते आणि ओल पण, झालं. आपल्याकडे कोकणात पावसाळ्यात होड्या वर ओढून त्यावर झापं घालून शाकारतात ते उगाच नाही. मीठ बुरशीला आवडत नाही, म्हणून समुद्राचं पाणी एक वेळ चालतं पण पावसाचं नको. मिनेटोंकाचं पाणी तर मुळातच गोडं, त्यामुळे डेकवरची प्रत्येक फट बुजवलेली ठेवणं हे तिथलं न संपणारं काम.

पण खरी गंमत आहे ती बोट हिवाळाभर कोरड्यात ठेवून उन्हाळ्याच्या तोंडावर परत पाण्यात सोडताना. मिनेसोटात तळं गोठतं, बोट बाहेर काढावीच लागते, आणि महिनोन्महिने शेडमध्ये राहून लाकूड वाळतं. फळ्या आक्रसतात. लाकूड लांबीत जवळपास आक्रसत नाही, आक्रसतं ते रुंदीत, आणि तेही वर्षवलयांच्या दिशेने जास्त, त्याला आडव्या दिशेने साधारण निम्मं. हिशोब करून बघा: लाकडातला ओलावा २८ टक्क्यांवरून १४ वर आला तर १५० मिलिमीटर रुंदीची फळी, ती लाकडाच्या ओंडक्यातून कशी कापलीय त्यावर अवलंबून, अडीच ते पाच मिलिमीटर अरुंद होते. आणि अशा कितीतरी फळ्या शेजारी शेजारी. म्हणजे आदल्या सीझनला थेंबभर पाणी न घेणारी बोट एप्रिलमध्ये उजेडाला धरली तर आरपार दिसेल अशी अवस्था होऊ शकते.

फळ्यांमधल्या या फटींत सुताचा पीळ नाहीतर डांबरात भिजवलेला ताग बोथट छिन्नी आणि मोगरीने ठोकून बसवतात आणि वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात. नवख्याला वाटेल, फट मोठी दिसतेय तर ठोका दाबून. तिथेच घात. पाण्यात गेल्यावर फळी फुगणार आहे आणि तिला फुगायला जागाच ठेवली नाही तर ती शेजारच्या फळीला ढकलणार, ती तिच्या शेजारच्या फळीला, आणि हा जोर इतका असतो की खिळे उपटतात, फळ्या ज्यांना ठोकलेल्या असतात त्या बोटीच्या बरगड्या मोडतात. म्हणून फट थोडी गळती ठेवायची आणि बाकीचं काम लाकडावर सोडायचं. बैलगाडीची चाकं उन्हाळ्यात वाळून खडखडायला लागली, लोखंडी धाव ढिली झाली की गाडी ओढ्यात उभी करून ठेवायचे ना, अगदी तसंच.

त्यामुळे लाकडी बोट पाण्यात उतरवल्यावर पहिले काही तास ती गळते, चांगली गळते, आणि कुणी घाबरत नाही. पंप लावलेले असतात, एक माणूस रात्रभर पाळीवर, आणि पाणी किती वेळाने किती येतंय हे लिहून ठेवायचं. आकडा उतरत गेला की समजायचं फळ्या जवळ येतायत. दोन दिवसांनंतरही उतरत नसेल तर मात्र कुठेतरी खरंच दुखतंय.

हे होईपर्यंत दुसरीकडे बॉयलरचं काम. वर्षातून एकदा तरी त्याची पाण्याच्या दाबाने चाचणी घेतात, म्हणजे बॉयलर काठोकाठ पाण्याने भरायचा, आत हवेचा बुडबुडा सुद्धा ठेवायचा नाही, आणि पंपाने दाब नेहमीच्या दाबापेक्षा सव्वा ते दीडपट न्यायचा. वाफेनेच का नाही तपासत? कारण पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे त्यात ताकद साठून राहत नाही, पत्र्याला तडा गेला तर थोडं पाणी उडेल, दाबाचा काटा शून्यावर येईल आणि विषय संपला. गरम बॉयलर फुटला तर गोष्ट वेगळी. हवेच्या दाबाच्या दहापट दाबाखाली पाणी १८० अंशांच्या वर तापूनही पाणीच राहतं, आणि दाब एकदम गेला की त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते, आणि साध्या हवेच्या दाबाला एक लिटर पाण्याची वाफ सुमारे १,६७० लिटर जागा मागते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या नद्यांवर आगबोटींचे जे भयानक स्फोट झाले ते याच कारणाने.

मग जाळ. इथे घाई करून चालत नाही. साखर कारखान्याच्या बॉयलरचं अग्निप्रदीपन गाळपाच्या आधीच काही दिवस उरकतात, पूजा होते, फोटो निघतात, पण त्यामागे साधं कारण पण आहे: थंड बॉयलर एकदम तापवला तर जाळाजवळच्या नळ्या आधी प्रसरण पावतात, लांबचा जाड पत्रा मागे राहतो, आणि ओढाताण होते ती सांध्यांवर. बोटीचा बॉयलर कारखान्यापेक्षा खूपच लहान, पण प्रवासी दहाला येणार असतील तर इंजिनिअर पहाटेच हजर. आधी काचेच्या नळीत पाण्याची पातळी बघायची, मग काडी ओढायची, हा क्रम कधीच उलटा नाही. त्या काचेच्या नळीवर पण डोळे झाकून विश्वास नाही ठेवायचा, तिचे कॉक उघडबंद करून आतलं पाणी जाऊ द्यायचं आणि परत चढतंय का ते बघायचं, कारण नळीचं तोंड गाळाने चोंदलं असेल तर ती तासापूर्वीची पातळी दाखवत आरामात उभी असते.

दाब चढला म्हणजे निघालो असंही नाही. इंजिन थंड आहे. गरम वाफ थंड सिलिंडरमध्ये गेली की तिचं पाणी होतं, ते पिस्टन आणि सिलिंडरच्या झाकणाच्या मध्ये अडकलं आणि पिस्टन वर आला तर पाणी दबत नाही, मग झाकण तरी फुटतं नाहीतर दांडा तरी वाकतो. म्हणून सिलिंडरच्या बुडाचे छोटे कॉक उघडे ठेवून वाफ हळूच सोडायची, इंजिन थोडं पुढे थोडं मागे असं डोलवत राहायचं. कॉकमधून आधी पाणी थुंकतं, मग पाणी आणि वाफ, आणि मग नुसता कोरडा फुस्स आवाज यायला लागला की कॉक बंद. हा आवाज कानाने ओळखावा लागतो, मीटर नाही त्याला.

मिनेहाहाचं इंजिन तीन सिलिंडरचं, पण गाडीच्या तीन सिलिंडरसारखं नाही हां. वाफ आधी सगळ्यात लहान सिलिंडरमध्ये काम करते, तिथून थकून निघाली की मधल्यात, मग सगळ्यात मोठ्यात. दाब कमी होत जातो तशी वाफ पसरते, म्हणून पुढचा प्रत्येक सिलिंडर मोठा. एकाच सिलिंडरमध्ये सगळी वाफ पसरू दिली असती तर प्रत्येक फेरीत त्याची भिंत एकदा खूप तापली आणि एकदा खूप निवली असती आणि बरीच ताकद तिथेच गेली असती. तीन टप्प्यांत वाटल्यावर प्रत्येक सिलिंडरला तापमानाचा थोडाच फरक सोसावा लागतो. एवढं करूनही अशा छोट्या बोटीत जळणातल्या उष्णतेपैकी दहा टक्क्यांहून कमीच बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्यापर्यंत पोचते, उरलेली धुराड्यातून आणि तळ्याच्या पाण्यात. डिझेलवाले हसतील. पण डिझेल इंजिनाला थांबल्या जागेवरून जोर लावता येत नाही, त्याला क्लच गिअर सगळं पाहिजे, वाफेचं इंजिन शून्यापासून पूर्ण जोर लावतं, पंखा थेट त्याच दांड्याला. आणि आवाज जवळपास नाहीच, शेजारच्या बाकावरचं बोलणं ऐकू येतं, हे मला तरी दहा टक्क्यांच्या हिशोबापेक्षा मोठं वाटतं.

वापरलेली वाफ अशा बोटींत सहसा सोडून देत नाहीत. ती थंड करून परत पाणी करायचं. छोट्या बोटींत तर कधीकधी तळाच्या बाहेरूनच एक नळी नेलेली असते, तळ्याचं पाणी तिला फुकट थंड ठेवतं. वाफेचं पाणी झालं की जागा एकदम रिकामी होते, नळीत पोकळी तयार होते आणि शेवटच्या सिलिंडरच्या पिस्टनला एका बाजूने वाफ ढकलते तर दुसऱ्या बाजूने ही पोकळी ओढते. परत मिळालेलं पाणी शुद्ध, क्षार नाहीत, बॉयलरमध्ये पापुद्रा धरत नाही. फक्त त्यात सिलिंडरचं तेल आलेलं असतं, आणि तेलाचा पातळ थर जरी बॉयलरच्या नळीवर बसला तरी उष्णता पाण्यात नीट जात नाही, नळी जास्त तापून बाद होते. हे तेल गाळायला जुने इंजिनिअर काय वापरायचे, तर वाळलेल्या घोसाळ्याची जाळी! आपण अंग घासायला घेतो तीच. तेल धरून ठेवते, पाणी सोडते, आणि काळी झाली की फेकून दुसरी टाकायची.

चालवताना कॅप्टन वर पुढे असतो, त्याला इंजिन दिसत नाही, आणि इंजिनिअर खाली असतो, त्याला तळं दिसत नाही. मधे फक्त घंटा. जुन्या अमेरिकन पद्धतीत एकाच ठोक्याचा अर्थ इंजिन त्या क्षणी काय करतंय त्यावर ठरतो, उभं असेल तर पुढे घे, हळू चालत असेल तर थांब, आणि दोन ठोके म्हणजे मागे. म्हणजे एखादा ठोका ऐकायचा राहिला की पुढचा सगळा हिशोब उलटा, धक्का समोर आणि बोट पुढेच. लाकडी बोटीला ब्रेक नसतो, थांबायचं म्हणजे पंखा उलटा फिरवायचा, आणि त्यासाठी योग्य वेळी हातात पुरेशी वाफ पाहिजे. म्हणून चांगला इंजिनिअर धक्का यायच्या आधीच दाब आणि पाणी दोन्ही नीट करून बसतो. पण जास्त वाफ करून ठेवली आणि घंटा थांबची आली तर सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो, अख्ख्या धक्क्याला कळतं की खालच्या माणसाचा अंदाज चुकला.

सीझन संपला की उलटा कार्यक्रम. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं, त्यामुळे नळीच्या एखाद्या वाकणात, पंपाच्या पोटात वाटीभर जरी पाणी राहिलं तरी मार्चमध्ये तिथे बिडाला तडा. प्रत्येक प्लग काढायचा, हवा मारायची. बॉयलर पूर्ण कोरडा करून आत ओल शोषणारं काहीतरी, पूर्वी कळीचा चुना ठेवायचे, ठेवून बंद करायचा. गंमत बघा, लोखंडाला कोरडं हवं आणि त्याच बोटीच्या लाकडाला अगदी कोरडं नको, दोघांची समजूत एकाच शेडमध्ये काढायची.

मिनेहाहा २०१९ च्या सीझननंतर थांबली, आणि कारण ना लाकडाचं ना बॉयलरचं. तिला पाण्यात उतरवायची आणि बाहेर काढायची किनाऱ्यावरची जागाच २०२० मध्ये हातातून गेली. तळ्याकाठची जमीन महाग, आणि ७० फुटी बोट उतरवायला लागणारा उतार आणि खोली कुठेही मिळत नाही. आणि बोट एका हिवाळ्याऐवजी वर्षानुवर्षं कोरड्यात राहिली की आधी फळ्या आक्रसतात, मग फटीतला पीळ सैल होऊन गळून पडतो, आणि एवढी वाळलेली फळी परत भिजवली तरी प्रत्येक वेळी आधीच्या मापाला येईलच असं नाही.