मटकीला मोड, उसाला कोंब: घेवड्याला नक्की काय आलं?

भाचीनं ग्लासात घेवड्याचे दाणे रुजवून पोस्टर केलं होतं. त्यावरची पहिलीच ओळ होती, 'तिसऱ्या दिवशी घेवड्याला कोंब आला.' शेजारी स्केचपेननं काढलेलं बी, आणि त्यातून वर निघालेली पांढरी शेपटी. मी विचारलं, "ही शेपटी ग्लासात वर होती का खाली?"

"खालीच होती की आत्या. पण झाड वर वाढतंय न्हवं? म्हणून वर काढलं."

पोरीनं बघितलं बरोबर आणि काढलं मनातलं. घोटाळा शब्दाचा होता. कोंब म्हटलं की हात आपोआप वर जातो.

खरं तर बोलताना आपण हा घोटाळा करत नाही. मटकीला, मुगाला, हुलग्याला मोड येतात. बटाट्याला, आल्याला, उसाच्या डोळ्याला कोंब येतो. मटकीला कोंब आले असं मिसळवाल्यासमोर म्हणून बघा, तो कट ओतायचा थांबेल. हा नुसता बोलण्यातला फरक नाही. कडधान्यातून आधी बाहेर पडतं ते मूळ, म्हणजे पुस्तकातलं आदिमूळ. कोंब म्हणजे खोड-पानांची सुरुवात, पुस्तकात अंकुर. उसाच्या कांडीवर तर दोघांच्या जागाही वेगळ्या: कोंब डोळ्यातून निघतो, मुळ्या पेऱ्याभोवतीच्या बारीक ठिपक्यांच्या पट्ट्यातून. लावणीच्या दिवसांत कोल्हापूरच्या आसपास कुठल्याही रानात हे बघायला मिळतं, त्यासाठी प्रयोगशाळा नको.

घेवड्यात मात्र दोन्ही एकाच बीत दडलेले असतात, म्हणून फसायला होतं. रात्रभर भिजवलेला एक दाणा घ्या, साल काढा, दोन डाळी हलकेच उघडा. एका डाळीला चिकटून दोन इवलीशी, घडी घातलेली पानं दिसतील, पांढुरकी, शिरांसकट. तो अंकुर. त्याच्या दुसऱ्या टोकाला बाहेरच्या कडेकडं वळलेलं टोकदार बोंडुक, ते आदिमूळ. बीच्या डोळ्याजवळ एक बारीक छिद्र असतं, आदिमुळाचं टोक त्याच्या अगदी लगत. बी पाणी पिऊन फुगलं की तेच आधी बाहेर येतं. ते बरंच आहे म्हणा, पाणी ओढायची सोय झाल्याशिवाय पानं बाहेर येऊन करणार काय? हा उघडलेला दाणा पोस्टरवर मोठा काढावा. बाकीची चित्रं लहान चालतील.

ग्लासात टिपकागद गोल बसवून, काच आणि कागदाच्या मध्ये दाणे ठेवले होते. चौथ्या दिवशी मुळावर, टोकाच्या जरा मागं, पांढरी लव दिसली. भाचीनं वहीत लिहिलं, 'बुरशी आली.' ही दुसरी नेहमीची चूक. ते मूलरोम, पाणी शोषणारे केस. ते मुळाच्या ठरावीक पट्ट्यातच असतात आणि टोक मोकळं राहतं. बुरशी कुठंही पसरते, डाळीवरसुद्धा, आणि वासावरून कळतेच. कोंबाला असले केस नसतात. घेवड्याचा कोंब सरळ न येता मान वाकवून येतो, आकड्यासारखा. आधी वाकलेली मान वर निघते, मग ती दोन्ही डाळी ओढून वर आणते, आणि उजेड लागला की सरळ होऊन हिरवी पडते. त्या जाड डाळींना 'पहिली पानं' लिहू नये. ती बीजपत्रं. त्यांतला अन्नाचा साठा संपला की सुरकुतून गळतात. खरी पानं म्हणजे मघाशी दाण्यात दिसलेली ती घडी. हरभरा किंवा वाटाणा घेतला तर डाळी मातीतच राहतात, वर फक्त कोंब येतो; तेव्हा मैत्रिणीचं चित्र वेगळं दिसलं म्हणून आपलं खोडू नये.

तरीही शंका असेल तर ग्लास आडवा करा. आम्ही रात्री आडवा केला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मुळाचं टोक खाली वळलेलं आणि कोंबाची मान वर. याला गुरुत्वाकर्षण कारणीभूत आहे हे थॉमस नाइट या इंग्रज वनस्पती-अभ्यासकानं 1806 मध्ये दाखवलं. पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या चाकाला त्यानं बिया बांधल्या. मुळं चाकाच्या बाहेरच्या बाजूला वाढली, कोंब मध्याकडं. चाकाच्या फिरण्यानं जो बाहेरचा जोर येतो, तोच बियांना 'खाली' वाटला.

मोजमापाचं एकच सांगते. वहीत 'लांबी' असा एकच रकाना होता, टोकापासून टोकापर्यंत पट्टी लावून. पहिले काही दिवस त्यात जवळजवळ सगळं मूळच मोजलं जातं आणि आलेखात 'रोप' भराभर वाढताना दिसतं, जेव्हा वर काहीच आलेलं नसतं. रकाने दोन हवेत, मूळ आणि कोंब. आलेखात मुळाची रेघ शून्याच्या खाली काढली, कोंबाची वर, तर पोस्टर लांबूनसुद्धा वाचता येतं.

कार्डशीट नवा आणायला मी तयार होते. भाचीनं तो घेतलाच नाही. वर काढलेल्या शेपटीवर बारीक फुली मारली, खाली दुसरी काढली आणि वरच्या फुलीशेजारी लिहिलं, 'मला आधी असं वाटलेलं.'