कोयत्याचा घाव: वजन, कोन आणि नेमकी जागा

वाशीच्या बाजाराबाहेर शहाळी सोलणाऱ्याचा हात नीट पाहिला, तर एक गोष्ट ध्यानात येते. त्याचा दंड फारसा हलत नाही. कोपर जेमतेम वाकतं, शेवटच्या क्षणी मनगट सुटतं आणि कोयता सालीत तिरपा शिरून बाहेर पडतो. तोच कोयता नवख्याच्या हातात दिला, तर तो खांद्यापासून जोर लावतो, सरळ खाली हाणतो आणि पातं सालीत रुतून बसतं. फरक ताकदीचा नाही. घावाचा कोन, धारेची जाडी आणि पात्यावरची लागायची जागा या तीन गोष्टी जमल्या की बाकीचं काम कोयत्याचं वजन करतं.

आधी वजनाचं गणित पाहू. साधा कोयता 600 ग्रॅमच्या आसपास भरतो. तो सेकंदाला 8 मीटर वेगाने आला, तर त्यात साधारण 19 ज्यूल ऊर्जा असते. दोन किलोचं वजन एक मीटरवरून खाली पडलं, तर जेवढा दणका बसेल तेवढी ही ऊर्जा आहे. कोयता दुप्पट जड केला तर ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट केला तर चौपट होते. म्हणून पेलवत नाही इतका जड कोयता घेण्यात अर्थ नाही. हात दमला की वेग पडतो आणि जास्तीचं वजन वाया जातं.

ही ऊर्जा किती जागेवर उतरते, हे धार ठरवते. लाकडाला आठ सेंटिमीटर लांबीची धार भिडली आणि तिची कड 0.02 मिलिमीटर जाड असेल, तर सगळा जोर दीड चौरस मिलिमीटरच्या आसपास एकवटतो. कड घासून 0.2 मिलिमीटर झाली की तोच जोर दहापट जागेवर पसरतो आणि दाब दहापट घटतो. बोथट कोयत्याने झाड तुटत नाही, ठेचलं जातं. तो फांदीवरून घसरून पायावर येतो तो याच कारणाने. धारदार कोयत्यापेक्षा बोथट कोयता जास्त धोक्याचा, असं जुनी माणसं सांगतात आणि ते खरं आहे.

आता कोनाकडे येऊ. शहाळ्याच्या सालीतले तंतू देठापासून टोकापर्यंत उभे असतात. पातं सरळ आत गेलं की दोन्ही बाजूंची साल त्याला चिमट्यासारखी धरते आणि आलेली ऊर्जा घर्षणात संपते. तिरप्या घावात एका बाजूला फक्त पातळ काप असतो. तो सहज बाहेर वळतो आणि पात्याला वाट देतो. शहाळं फिरवत तीन-चार तिरपे काप घेतले की कोवळी करवंटी दिसू लागते आणि शेवटचा हलका घाव तिचं टोपण उडवतो. घरी करून पाहायचं तर शहाळं हातात धरू नका, लाकडी ठोकळ्यावर ठेवा आणि दुसरा हात धारेच्या रेषेत येणार नाही असा मागे ठेवा.

लाकडालाही हाच नियम लागू आहे. मनगटाएवढी, म्हणजे पाच-सहा सेंटिमीटर जाडीची फांदी तोडताना एक घाव डावीकडून तिरपा आणि दुसरा उजवीकडून तिरपा असा आळीपाळीने घालायचा. मधली ढलपी उडून पाचरीच्या आकाराची खाच पडते. तिचं तोंड सुरुवातीलाच फांदीच्या जाडीइतकं रुंद ठेवावं लागतं. अरुंद खाचेत ढलपीला बाहेर पडायला जागा उरत नाही आणि मग कोयता अडकतो. अडकलेला कोयता बाजूला हिसकू नका, कारण त्याने धारेला दाते पडतात. पात्याच्या रेषेतच मूठ वरखाली करून तो सोडवा. फांदी यापेक्षा जाड असेल तर करवत आणा. तिथे कोयत्याचा हट्ट धरण्यात काही शहाणपण नाही.

शहापूर-मुरबाडकडे राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, ऐनाच्या झाडाची कवळ (पानांच्या डहाळ्या) तोडतात तेव्हा आणखी एक बाब महत्त्वाची ठरते. आडव्या फांदीचा वरचा भाग ताणलेला असतो आणि खालचा दाबलेला. थेट वरून घाव घातला की फांदी अर्धी तुटून खाली झुकते आणि खोडाची साल हातभर सोलून नेते. त्या जखमेत बुरशी आणि वाळवी शिरते. म्हणून पहिला घाव खालून, एक तृतीयांश जाडीपर्यंत घालायचा आणि मग वरून तोडायचं. कापलेलं तोंड तिरपं राहिलं की त्यावर पावसाचं पाणी साचत नाही. वाकवून ताणलेलं रोप तोडायचं असेल तर उभं राहायची जागा आधी ठरवा. बाहेरच्या, ताणलेल्या बाजूवर घाव बसताच ते उसळी मारतं.

बांबूची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या बाहेरच्या हिरव्या सालीत सिलिका असते, आणि तीच काचेचा मुख्य घटक आहे. त्यामुळे दिवसभर बांबू तोडला की चांगली धारही जाते. तोडायची जागा म्हणजे जमिनीजवळच्या पेराच्या, म्हणजे गाठीच्या, लगेच वर. पेराच्या वर पोकळ कांडं शिल्लक राहिलं तर त्याचा पेला होतो. पावसात त्यात पाणी साचतं, खुंट कुजतो आणि डासही होतात. बांबू चिरताना मात्र झोका लागत नाही. टोकावर पातं टेकवायचं, कोयत्याच्या पाठीवर लाकडी दांडक्याने ठोकायचं आणि पातं बोटभर आत गेलं की मूठ पिळायची. कांड्यातले तंतू सरळ असल्याने चीर आपोआप पुढे धावते. पाठीवर हातोडीने ठोकू नका. पोलादावर पोलाद आपटलं की तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो.

लागायच्या जागेबद्दल फार कमी बोललं जातं, खरं तर हातातला दणका तीच ठरवते. पात्याच्या टोकाशी घाव बसला तर मूठ एका दिशेने झटका देते, मुठीजवळ बसला तर उलट दिशेने. या दोन्हींच्या मध्ये एक बिंदू असा असतो की तिथे घाव बसल्यावर मुठीला झटका जवळजवळ लागतच नाही. क्रिकेटच्या बॅटचा ‘स्वीट स्पॉट’ म्हणतात, तसाच हा कोयत्याचा.

तो घरच्या घरी मोजता येतो. धारेवर वर्तमानपत्राची एक पट्टी गुंडाळा. मुठीच्या मध्यावर, पाठीच्या बाजूने, एक लांब खिळा चिकटपट्टीने आडवा घट्ट बांधा. तो पात्याच्या सपाट बाजूला काटकोनात असला पाहिजे. खिळ्याची दोन टोकं दोन स्टुलांच्या कडांवर टेकवा आणि कोयता मध्ये लोंबू द्या. त्याला हलका, दोन-तीन बोटांएवढाच झोका द्या आणि दहा फेऱ्यांचा वेळ मोबाइलवर मोजा. एक फेरी म्हणजे जाऊन परत येणं. एका फेरीला लागणाऱ्या सेकंदांचा वर्ग करून 24.8 ने गुणलं की खिळ्यापासून त्या बिंदूचं अंतर सेंटिमीटरमध्ये मिळतं. दहा फेऱ्यांना 11 सेकंद लागले, तर एका फेरीला 1.1 सेकंद, त्याचा वर्ग 1.21, आणि अंतर सुमारे 30 सेंटिमीटर. पात्याच्या पाठीवर तिथे रंगाची खूण करा आणि तोडताना घाव त्या खुणेच्या आसपास बसवा. संध्याकाळी मनगट कमी दुखेल. पुढे जड होत गेलेल्या पात्यात हा बिंदू टोकाकडे सरकतो. कोयत्याचा पुढचा भाग रुंद ठेवण्याचा एक फायदा हाच आहे.

धातूचं बोलायचं तर लोहार ट्रकच्या जुन्या कमानीचा पाटा पसंत करतात, आणि त्यामागे पक्कं कारण आहे. त्या पोलादात साधारण 0.5 ते 0.6 टक्के कार्बन असतो. पाणी पाजल्यावर ते कडक होतं, तरी स्प्रिंगचं लवचीकपण टिकवतं. लोखंड लाल तापत 770 अंशांच्या आसपास पोचलं की चुंबकाला चिकटेनासं होतं. लोहार त्याच्याही थोडं पुढे जातो आणि मग धारेचा भाग तेलात किंवा पाण्यात बुडवतो. या अवस्थेत धार काचेसारखी ठिसूळ असते. ती पुन्हा हलकी तापवून कडकपणा थोडा उतरवावा लागतो. घासून चमकवलेल्या पोलादावर आधी फिका पिवळा, मग तपकिरी आणि 300 अंशांच्या सुमारास निळा रंग चढतो.

हे रंग विकत घेणाऱ्यानेही ओळखावेत. कोरड्या ग्राइंडरवर धार लावून घेताना कडेवर निळी रेघ उमटली, तर तिथला कडकपणा उतरला असं समजा. अशी धार पहिल्या दिवशी झकास वाटते आणि दुसऱ्या दिवशी वळते. निळा झालेला मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा भाग कानशीने घासून काढण्यावाचून उपाय नाही.

त्यापेक्षा धार हातानेच काढावी. कागदाचा चौकोनी कोपरा 90 अंशांचा असतो. एकदा दुमडला की 45, पुन्हा दुमडला की साडेबावीस. प्रत्येक बाजूने एवढा कोन फांद्या तोडायला योग्य आहे. फक्त गवत आणि झुडपांसाठी 15 ते 18 चालेल, पण त्या धारेने वाळलेलं लाकूड तोडलं तर दाते पडणारच. कोयता शिकंज्यात धरून कानस एकाच दिशेने, मुठीपासून टोकाकडे न्यायची. पलीकडच्या बाजूला पूर्ण लांबीभर खरखरीत कड बोटाला जाणवली की बाजू बदलायची. मग निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, पाणी घालून दोन्ही बाजू आळीपाळीने, हलक्या हाताने घासायच्या. कानस पात्यावरून नुसतीच घसरत असेल, तर पातं फार कडक आहे. तिथे थेट निसणाच वापरा.

ठाण्याच्या खाडीकाठची हवा दमट आणि खारी असल्याने साध्या पोलादाला पावसाळ्यात एका रात्रीत तांब चढते. फणस किंवा शहाळं कापल्यावर पातं काळं पडतं ते मात्र गंजून नव्हे. त्यांतली टॅनिनं लोहाशी संयोग पावतात. पातं धुऊन लगेच कोरडं केलं की पुरे. फणसाच्या चिकासाठी आधीच खोबरेल लावून ठेवा.

मूठ सैल होते तीही हवेमुळेच. पावसात लाकूड फुगतं, पण लोखंडी कडी त्याला जागा देत नाही, म्हणून तंतू आतच दबून चिरडतात. उन्हाळ्यात लाकूड आकसलं की मूठ खुळखुळते. रात्रभर पाण्यात भिजवून ती घट्ट होते, पण तंतू आणखी चिरडतात आणि पुढच्या उन्हाळ्यात ती जास्तच सैल होते. शेपटी, म्हणजे पात्याचं मुठीत शिरणारं टोक, काढून लाख भरून पुन्हा बसवा आणि मुठीला जवसाचं तेल चोपडा. तेलाची चिंधी चुरगाळून टाकू नका. वाळताना हे तेल उष्णता सोडतं आणि चिंध्यांचा गोळा आपोआप पेटू शकतो. ती पसरून वाळवा.

वापरताना शेजारचा माणूस हात आणि कोयता मिळून होणाऱ्या लांबीच्या दुप्पट अंतराबाहेर हवा. मनगटात दोरीचा फास अडकवू नका. कोयता निसटला तर तो त्याच दोरीवर फिरून अंगावर येतो. चालताना तो कमरेच्या आकडीत किंवा म्यानात असावा.

कुठे वापरायचा यालाही मर्यादा आहेत. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे परवानगीशिवाय घाणेरीचं झुडूपसुद्धा तोडता येत नाही. खाडीकाठच्या कांदळवनाला मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाचं संरक्षण आहे. सोसायटीच्या आवारातलं झाड 1975 च्या वृक्ष कायद्याखाली येतं, तेव्हा छाटणीआधी महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज करा. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांवर बंधन आहे. शेतीसाठी आणि घरकामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. पण पोलिसांचे मनाई आदेश लागू असताना उघडा कोयता घेऊन रस्त्यावर दिसलात, तर ही सवलत समजावून सांगायला वेळ मिळेलच असं नाही. गोणपाटात गुंडाळून, बांधून न्या.

घरी ठेवताना चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं आणि ते कमावताना वापरलेली आम्लं व क्षार पात्याला खातात. तेलाचा पातळ हात फिरवून, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, हवेशीर जागी खुंटीला टांगा. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला एकदा उतरवून पाहा.