काल्टमीटे आणि वार्ममीटे: जर्मनीतल्या भाड्याचे दोन आकडे

जर्मनीत घराच्या जाहिरातीत भाडं दोनदा लिहिलेलं असतं. काल्ट म्हणजे थंड, वार्म म्हणजे गरम. नवख्याला वाटतं, फरक फक्त हीटिंगचा. तसं नाही.

काल्टमीटे हे नुसत्या जागेचं भाडं. त्यात नेबेनकोस्टेन, म्हणजे इमारतीचा चालू खर्च, मिळवला की वार्ममीटे होतं. या खर्चात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई येते, मालकाचा जमीनकर आणि इमारतीचा विमाही येतो. दुरुस्ती किंवा व्यवस्थापनाचा खर्च मात्र मालकाला यात घालता येत नाही. वीज आणि इंटरनेट बहुधा वेगळं. घरात स्वतंत्र गॅस बॉयलर असेल तर गॅसचं कनेक्शनही आपल्याच नावावर घ्यावं लागतं. म्हणजे तिथे ‘वार्म’ आकड्यात हीटिंग नसतंच. हे आधीच विचारा.

अनामत, म्हणजे काउत्सिओन, काल्टमीटेवरच मोजतात, जास्तीत जास्त तीन महिन्यांची. काल्ट ४२० आणि वार्म ५५० युरो असेल तर मर्यादा १,२६० युरो. कोणी १,६५० मागितले तर ते चूक आहे. ही रक्कम तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना.

खरी फसगत होते ती वार्ममीटेला पक्का आकडा समजल्यामुळे. करारात ‘फोराउसत्सालुंग’ असेल तर दरमहा भरता ती अंदाजी आगाऊ रक्कम. वर्षाचा हिशेब नंतर येतो, आणि वापर जास्त झाला असेल तर फरक भरावा लागतो. हीटिंगच्या खर्चातला साधारणपणे ५० ते ७० टक्के भाग मीटरप्रमाणे वाटला जातो. हिवाळ्यात रेडिएटर चालू ठेवून खिडकी दिवसभर तिरपी उघडी ठेवली की बिल फुगतं. त्याऐवजी रेडिएटर बंद करून खिडकी पाचेक मिनिटं पूर्ण उघडा. करारात ‘पाउशाले’ असेल तर रक्कम ठोक, वर्षअखेरचा हिशेब नाही.

हिशेबाचं वर्ष संपल्यावर १२ महिन्यांत मालकाने हिशेब दिला नाही, तर दिरंगाई त्याच्या हाताबाहेरची नसेल तर, फरक मागण्याचा हक्क तो गमावतो. हिशेब मिळाल्यापासून १२ महिने हरकत घेता येते. घर सोडलं म्हणून हा हिशेब सुटत नाही: त्यासाठी अनामतीचा काही भाग मालक रोखून धरू शकतो, म्हणून नवा पत्ता त्याला कळवा.

वार्म आकडा आसपासच्या घरांपेक्षा फारच कमी दिसला, तर आगाऊ रक्कम मुद्दाम कमी ठेवलेली असू शकते. सही करण्याआधी त्याच घराचा मागच्या वर्षीचा हिशेब मागून घ्या.