प्रोफाइलिंग आणि ट्रेसिंग: कर्नलमध्ये दोन्हीचं बिल वेगळं येतं

"जरा प्रोफाइल काढ ना" असं टीममध्ये कोणी म्हणालं की निम्म्या वेळा त्याला खरं तर ट्रेस हवा असतो. त्यात लिनक्सचं पर्फ हे टूल दोन्ही करतं, मग गोंधळ अजूनच वाढतो.

सोसायटीच्या वॉचमनचं बघा. एक पद्धत म्हणजे गेटवर रजिस्टर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची वेळेसकट नोंद, हे झालं ट्रेसिंग. दुसरी म्हणजे तो ठरलेल्या वेळाने राउंड मारतो आणि त्या क्षणी कोण कुठे दिसलं ते लिहितो, हे प्रोफाइलिंग. राउंडचा खर्च सोसायटीत लग्न असलं तरी तेवढाच, पण रजिस्टरवर लग्नाच्या दिवशी गेटबाहेर रांग लागते. लो ओव्हरहेडची, म्हणजे मोजण्यापायी मूळ कामावर कमीत कमी बोजा टाकण्याची, सगळी भानगड इथूनच सुरू होते: प्रोफाइलिंगचा खर्च आपण ठरवतो, ट्रेसिंगचा खर्च मशीनवरचा लोड ठरवतो.

हिशोब सोपा आहे. प्रत्येक कोअरवर सेकंदाला ९९ सॅम्पल, म्हणजे राउंडमधल्या नोंदी, ८ कोअर, ३० सेकंद, म्हणजे फार तर २३,७६० सॅम्पल, त्याच्या वर जाणार नाही. १०० सोडून ९९ का? कारण कर्नलमधली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली, बरीच कामं टायमरच्या गोल आकड्यांवर चालतात, आणि वॉचमन रोज बरोब्बर सहाच्या ठोक्याला राउंडला निघाला तर त्याला दूधवालाच दिसणार आणि तो म्हणणार हा माणूस इथेच राहतो. आपण रेट फारच वाढवला तर कर्नल स्वतःच लगाम घालतो, डिफॉल्ट सेटिंगला सॅम्पलिंगवर २५ टक्क्यांहून जास्त सीपीयू वेळ जायला लागला की रेट खाली आणतो आणि लॉगमध्ये तसं लिहूनही ठेवतो.

एक गंमत मात्र लक्षात ठेवा. खऱ्या हार्डवेअरवर सॅम्पल नॉन-मास्केबल इंटरप्टने (सीपीयूचं चालू काम मध्येच थांबवणारा, बंद न करता येणारा इशारा) घेतलं जातं, म्हणून इंटरप्ट बंद करून चाललेला कोडही पकडला जातो. व्हर्च्युअल मशीनमध्ये बऱ्याचदा हार्डवेअर काउंटर (सीपीयूतली मोजणी करणारी यंत्रणा) मिळतच नाहीत, मग पर्फ साध्या टायमरवर येतं, आणि तो टायमर इंटरप्ट परत चालू होईपर्यंत ताटकळत बसतो. म्हणून रिपोर्टमध्ये स्पिनलॉक (मिळेपर्यंत सीपीयूला जागीच घुटमळत ठेवणारं कुलूप) सोडून इंटरप्ट परत चालू करणारं फंक्शन टॉपला! मी एकदा दोन दिवस त्या बिचाऱ्या फंक्शनमागे लागलो होतो, दोषी त्याच्या आधीचा कोड होता.

आता ट्रेसिंग. इथे डिझाइनचा पहिला नियम असा की बंद असताना खर्च जवळपास शून्य हवा, कारण ट्रेसिंग बहुतेक वेळ बंदच असतं. एफट्रेस हा कर्नलमधलाच ट्रेसर २००८ मध्ये लिनक्स २.६.२७ बरोबर आलं. त्याची आयडिया अशी की कंपायलर जवळजवळ प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला एक कॉल टाकतो, आणि एक्स८६-६४ वर त्या जागी ५ बाइटची काहीच न करणारी सूचना, म्हणजे नॉप, बसवली जाते. ट्रेस चालू केला की चालत्या कर्नलमध्येच नॉप काढून पुन्हा कॉल. ऐकायला भारी, पण चालत्या गाडीचं चाक बदलण्यातला प्रकार आहे. त्याच २.६.२७ च्या रिलीजआधीच्या आवृत्त्यांमध्ये हे पॅचिंग अशा मेमरीवर लिहून बसलं जी तोवर मोकळी होऊन दुसऱ्या कामाला लागली होती, आणि लोकांच्या ई१०००ई ड्रायव्हरवाल्या नेटवर्क कार्डांचा एनव्हीरॅम (वीज गेली तरी माहिती जपणारी मेमरी) खराब झाला. ट्रेसर सापडेपर्यंत सगळे ड्रायव्हरलाच शिव्या घालत होते.

चालू असतानाचा खर्च कमी करायला प्रत्येक सीपीयूला वेगळा रिंग बफर (भरला की पुन्हा सुरुवातीपासून लिहायची नोंदींची जागा) असतो, म्हणजे प्रत्येक गेटला आपापलं रजिस्टर, लॉकसाठी भांडण नाही. बफर भरला की जुनं पुसून नवं लिहायचं, कारण ट्रेसरपायी मूळ काम थांबवणं परवडत नाही.

मग राउंडच पुरे नाही का? नाही ना. आमची एक सर्व्हिस रखडत होती, पर्फ स्वच्छ, सीपीयू निवांत. साहजिकच आहे, झोपलेला, म्हणजे कशाची तरी वाट बघणारा, थ्रेड (प्रोग्रॅममधला कामाचा एक धागा) सीपीयूवर नसतोच, मग सीपीयूच्या सॅम्पलमध्ये दिसणार कसा? शेड्युलर (सीपीयू कोणाला द्यायचा ते ठरवणारा कर्नलचा भाग) एका थ्रेडवरून दुसऱ्यावर जातो तिथला ट्रेसपॉइंट, म्हणजे नोंद घ्यायची तयार जागा, लावला तेव्हा दिसलं की थ्रेड लॉग फाइल डिस्कवर फ्लश व्हायची वाट बघत बसतोय.

हल्ली ईबीपीएफने (कर्नलमध्ये आपला छोटा प्रोग्रॅम चालवायची सोय) कर्नलमध्येच हिस्टोग्राम बनवता येतो, म्हणजे नाव-गाव न लिहिता नुसत्या मोजणीच्या रेघा मारायच्या. डेटा एकदम कमी होतो, पण गेटवर क्षणभर थांबावं प्रत्येकाला लागतंच. म्हणून नवीन ठिकाणी प्रोब, म्हणजे नोंद घेणारा कोड, टाकायच्या आधी मी तो इव्हेंट किती वेळा होतो ते पर्फ स्टॅट या नुसती मोजणी करणाऱ्या कमांडने एकच सेकंद मोजून बघतो, आकडा लाखांत गेला की त्या फंक्शनचा नाद सोडतो आणि त्याला बोलावणाऱ्या, कमी गर्दीच्या फंक्शनवर जाऊन बसतो.