इजेनंतर रक्तात वाढणारी विकरे

जबर मार लागल्यावर रक्तात वाढणाऱ्या काही विकरांवरून (दवाखान्यातल्या बोलीत एन्झाइम) आतली मोडतोड आणि त्यामागून येणारा दाह (सूज, लाली, ठणका) यांचा अंदाज बांधता येतो. मात्र मोडतोड आणि दाह या गोष्टी वेगळ्या. त्यांची गल्लत झाली की रिपोर्ट हमखास चुकीचा वाचला जातो.

सातारा-सांगलीकडे गळीत हंगामात उसाची ट्रॉली उलटून एखाद्याची मांडी दबते. कातडी शाबूत, रक्ताचा थेंब नाही. गावाकडे याला ‘मुका मार’ म्हणतात. आत मात्र स्नायू चिरडलेला असतो. त्यातले क्रिएटिन कायनेज, म्हणजे रिपोर्टवरचे ‘सीपीके’, काही तासांत रक्तात उतरते आणि एक ते तीन दिवसांत सर्वांत वर जाते. एरवी ते लिटरमागे साधारण २०० युनिटांच्या आत असते. ५,००० च्या पुढे गेले की मूत्रपिंडाची धास्ती. स्नायूतून सुटलेले मायोग्लोबिन हे तांबडे प्रथिन मूत्रपिंडाला बाधते आणि लघवी कोऱ्या चहासारखी होते. लंडनवरील बॉम्बवर्षावात ढिगाऱ्याखाली सापडलेल्यांमध्ये बायवॉटर्स आणि बील यांनी १९४१ मध्ये हाच विकार नोंदवला. दुखणे थांबावे म्हणून स्नायूत दिलेल्या इंजेक्शनानेही सीपीके थोडे वाढते, हे विसरू नये.

खऱ्या अर्थाने दाहाची विकरे पांढऱ्या पेशींतून येतात. त्यांतल्या न्यूट्रोफिल पेशी मायलोपेरॉक्सिडेज आणि इलास्टेज ही विकरे सोडतात. पुवाला हिरवट छटा येते ती मायलोपेरॉक्सिडेजची. इलास्टेज ऊतींतले लवचीक तंतू विरघळवते, जंतूंबरोबर स्वतःच्या फुप्फुसालाही इजा करू शकते. या दोन्हींच्या चाचण्या अजून बहुतांशी संशोधनापुरत्याच. रोजच्या कामात सीआरपी (सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन) बघतात. ते विकर नव्हे, यकृतात तयार होणारे प्रथिन आहे. इजेनंतर किंवा ऑपरेशननंतर दोन दिवस ते चढतेच, तेवढ्यावरून जंतुसंसर्ग झाला असे म्हणता येत नाही. उतरू लागलेले पुन्हा चढले, तर जखमेवरची पट्टी सोडून बघावी.

जत-आटपाडीकडून मिरजेपर्यंत नमुना न्यायचा, तर आणखी एक घोळ संभवतो. रक्त घाईने ओढले, नळी जोरात हलली किंवा बराच वेळ तशीच राहिली की तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातली एलडीएच, एएसटी ही विकरे खोटीच वाढलेली दिसतात. अशा नळीतले सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारे पाणी) पिवळसर न राहता गुलाबी दिसते. तेव्हा आकड्यावर विसंबण्यापेक्षा रक्त पुन्हा काढलेले बरे.