सहा महिने की नऊ? गोवराच्या लसीच्या वयामागचा वाद

ताप आला, मागोमाग अंगावर पुरळ उठलं, की घरातल्या वडीलधाऱ्या बायका एकेकाळी नुसतं बघून सांगत: देवी, कांजिण्या की गोवर. देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार आहेत हे एका पर्शियन वैद्याने दहाव्या शतकातच लिहून ठेवलं होतं. पण आपल्याकडे गोवराकडे स्वतंत्रपणे लक्ष जायला विसावं शतक निम्मं उलटावं लागलं. देवीच्या धास्तीपुढे गोवर म्हणजे 'निघतो आणि जातो' अशातला. देवीची लस मुंबईत १८०२ मध्येच एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली होती, तरी देशातून रोग जायला १९७५ उजाडलं. तोवर रोगी कळवणाऱ्याला हजार रुपये बक्षीस जाहीर झालं होतं. गोवर कळवा म्हणून कोणी कधी बक्षीस लावलं नाही.

गोवराची लस अमेरिकेत १९६३ मध्ये आली, आपल्या सरकारी कार्यक्रमात १९८५ मध्ये. तिचं वय ठरलं नऊ महिने. बाळाच्या कार्डावर हा आकडा इतका सवयीचा झाला आहे की तो निसर्गाने ठरवून दिला असावा असं वाटतं. प्रत्यक्षात ती तडजोड आहे.

आईच्या रक्तातून बाळाला गोवराविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला निकामी करणारी द्रव्यं, मिळतात आणि ती काही महिने टिकतात. ती अंगात असताना लस टोचली, तर लसीतला विषाणू वाढायच्या आतच निकामी होतो आणि मात्रा वाया जाते. उशिरा टोचावी, तर मधल्या काळात बाळ उघडं पडतं. नवव्या महिन्यात लस दिली तर शंभरातल्या साधारण पंच्याऐंशी बाळांमध्ये ती 'लागते', बाराव्या महिन्यात दिली तर पंच्याण्णवांमध्ये. जिथे गोवर फारसा उरलेला नाही तिथे वर्षभर थांबणं परवडतं, म्हणून श्रीमंत देशांत पहिली मात्रा बारा ते पंधरा महिन्यांना. सत्तरच्या दशकात केनियात झालेल्या अभ्यासांचा आधार घेऊन गरीब देशांसाठी नऊ महिने ठरले. म्हणजे पंधरा टक्के बाळांना पहिल्या मात्रेचा उपयोग होणार नाही, हे गृहीत धरूनच. मग दुसरी मात्रा आलीच. ती आपल्याकडे यायला २०१० उजाडलं, म्हणजे पाव शतक. या दिरंगाईची चर्चा व्हायला हवी तेवढी झाली नाही.

लस नऊऐवजी सहाव्या महिन्यातच द्यावी का, हा प्रश्न त्याआधीच एकदा विचारून झाला होता, आणि त्याचं उत्तर फार महाग पडलं. लसीची तीव्रता, म्हणजे मात्रेतल्या विषाणूंची संख्या, अनेक पटींनी वाढवली तर आईची प्रतिपिंडं असतानाही ती लागेल, असा विचार पुढे आला. प्रतिपिंडांच्या चाचण्यांचे निकाल चांगले आले. १९८९ मध्ये जागतिक पातळीवरून सहा महिन्यांच्या बाळांसाठी, जिथे गोवराने मृत्यू जास्त होतात त्या भागांत, या तीव्र लसीची शिफारस झाली. नंतर गिनी-बिसाऊ, सेनेगल आणि हैतीतून आकडे येऊ लागले. तीव्र लस घेतलेल्या मुली पुढच्या दोन-तीन वर्षांत जास्त प्रमाणात दगावत होत्या, आणि तेही गोवराने नव्हे, इतर आजारांनी. मुलग्यांमध्ये तसा फरक दिसत नव्हता. १९९२ मध्ये शिफारस मागे घेण्यात आली. कारणावर तज्ज्ञांचं अजूनही एकमत नाही.

'सहा महिने' म्हटलं की जुने बालरोगतज्ज्ञ अजून दबकतात ते यामुळे. मात्र तेव्हाची लस आणि आत्ता गोवराच्या उद्रेकात सहा महिन्यांच्या बाळांना दिली जाणारी लस एक नव्हे. आताची मात्रा नेहमीच्याच तीव्रतेची असते. एडमन्स्टन-झाग्रेब हा लसविषाणूचा प्रकार तेव्हाही होता आणि पुण्यात बनणाऱ्या लसीतही तोच आहे. गोंधळ होतो तो या सारख्या नावामुळे. फरक मात्रेतल्या विषाणूंच्या संख्येचा.

आता वळू २०२२ कडे. करोनाच्या दोन वर्षांत लसीकरणाची सत्रं विस्कळीत झाली होती. ऑक्टोबरअखेरीस गोवंडीत तीन लहान मुलं अठ्ठेचाळीस तासांत दगावली. नोव्हेंबरमध्ये केंद्राचं पथक मुंबईत आलं. मालेगाव, भिवंडीतही रुग्ण सापडत होते. रुग्णांमध्ये नऊ महिन्यांखालची, म्हणजे लसीचं वयच न झालेली बाळंही होती. याचं एक स्पष्टीकरण असं: आताच्या बऱ्याच आयांना लहानपणी गोवर झालेला नाही, त्यांना लस मिळाली आहे. लसीने येणारी प्रतिपिंडं गोवर होऊन गेल्यावर येणाऱ्यांपेक्षा कमी असतात, त्यामुळे बाळाला मिळणारा वाटाही लवकर संपतो. ज्या आजीच्या काळावरून नऊ महिने ठरले, तो काळ मागे पडला आहे.

२३ नोव्हेंबरला केंद्राचं पत्र आलं. ज्या भागात एकूण रुग्णांपैकी दहा टक्क्यांहून जास्त रुग्ण नऊ महिन्यांखालचे असतील, तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना एक मात्रा द्यावी. ही मात्रा हिशेबात धरायची नाही. नऊ महिन्यांची आणि सोळा ते चोवीस महिन्यांची ठरल्याप्रमाणे घ्यायचीच. नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा मात्रा ती वेगळी.

दहा टक्क्यांची ही अट कागदावर ठीक दिसते. पण टक्का काढायला आधी रुग्ण नोंदले जावे लागतात, आणि ताप-पुरळाचं मूल दवाखान्यात न नेता कडुलिंबाच्या पाल्यावर निजवून 'गोवर पूर्ण बाहेर पडू दे' म्हणणारी घरं नोंदीत येत नाहीत. सावळ्या कातडीवर पुरळ लाल दिसत नाही, कानामागे बोट फिरवून खरबरीतपणा लागला तरच कळतं. म्हणजे जिथे नोंद कमजोर तिथे टक्का कमी, आणि टक्का कमी म्हणून लहानग्यांना मात्रा नाही. याच्या विरुद्ध बाजूही आहे: सरसकट सहा महिन्यांना टोचलं की आया पुढच्या दोन मात्रा विसरतात, ही भीती खोटी नाही. परिचारिकेपुढे आणखी वेगळाच पेच असतो. कुपीत पाच किंवा दहा बाळांची लस, द्रव मिसळला की चार तासांत संपवायची नाहीतर टाकून द्यायची. दुपारी एकच बाळ आलं तर कुपी फोडायची का?

बाकीचं थोडक्यात. २०१७ पासून गोवरासोबत रुबेलाची लस आली. पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत गोवा होता, महाराष्ट्रात मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. मुंबईतल्या काही शाळांत पालकांनी संमती दिली नाही. खासगी दवाखान्यात गालगुंडाचाही समावेश असलेली लस मिळते, सरकारी केंद्रात नाही, त्यावरून पालकांचा गोंधळ अजून चालू आहे. गोवर-रुबेला हद्दपार करण्याची मुदत आधी २०२० होती, मग २०२३ झाली, आता २०२६ आहे. त्यासाठी दोन्ही मात्रा पंच्याण्णव टक्के मुलांपर्यंत जाव्या लागतात. सहा महिन्यांची मात्रा मात्र नियमित वेळापत्रकात आलेली नाही.