बाह्य दिवे, लहान विमानांचे

लहान विमानाच्या पंखांवर, शेपटीवर व अंगावर बसवलेली दिव्यांची योजना. तीत स्थितिदर्शक दिवे, टक्करविरोधी दिवा व लँडिंग दिवा येतात.

डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्या टोकाला हिरवा व मागे पांढरा ही स्थितिदर्शक दिव्यांची मांडणी जहाजांवरून आली. जहाजांवर ती केव्हा रुळली, हे तितके स्पष्ट नाही. तिचा आरंभ सामान्यतः १८४८ च्या सुमारास वाफेच्या जहाजांसाठी झालेल्या ब्रिटिश नियमांत मानतात. काही जहाजांवर रंगीत दिवे त्याआधीही असावेत. उजवीकडून आडवे येणारे जहाज आपल्याला त्याची डावी बाजू दाखवते व त्याला वाट द्यायची असते, म्हणून डावीकडे धोक्याचा लाल रंग, असे एक स्पष्टीकरण देतात. पण वाट देण्याचा हा नियम १८६३ च्या सुमाराच्या नियमावलीत ठळक झालेला दिसतो. तेव्हा रंग आधी ठरले व अर्थ त्यांना मागाहून चिकटला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. जहाजाचा बाजूचा दिवा ११२.५ अंशांत दिसतो, विमानाचा ११० अंशांत. मागच्या दिव्याकडे उरलेले १४० अंश येतात.

दिवा निवडताना एकूण प्रखरतेपेक्षा प्रकाशाची कोनांनुसार वाटणी पाहावी. अमेरिकी मानकांप्रमाणे बाजूच्या दिव्याला नाकाच्या रेषेपासून १० अंशांपर्यंत किमान ४० कँडेला (प्रकाशाच्या प्रखरतेचे एकक) लागतात, २० अंशांपलीकडे ५ पुरतात. समोरासमोर येणाऱ्या विमानांना परस्परांना ओळखायला वेळ फार थोडा मिळतो, हे त्यामागचे कारण. लाल प्रकाश हिरव्याच्या क्षेत्रात सांडला, तर पाहणाऱ्या वैमानिकाचा दिशेचा अंदाजच चुकतो. टक्करविरोधी दिवा लाल किंवा पांढरा असतो व मिनिटाला ४० ते १०० वेळा लुकलुकतो. नव्या रचनांत आडव्या पातळीत त्याला ४०० कँडेला लागतात. १९७१ पूर्वीच्या रचनांच्या विमानांना १०० चालतात.

टक्करविरोधी दिवा झेनॉन स्ट्रोब (झेनॉन वायूच्या नळीतून क्षणिक प्रखर झोत सोडणारा दिवा) असेल, तर त्याच्या वीजपुरवठा पेटीत शेकडो व्होल्ट साठतात. त्यामुळे तार कवचाची घ्यावी, कवच पेटीच्या टोकालाच विमानाच्या विद्युत ग्राउंडला जोडावे व वीज तोडल्यावर काही मिनिटे पेटीला हात लावू नये. एलईडी दिव्यांना वीज कमी लागते, पण त्यांचे नियंत्रक मंडल ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झच्या संभाषण पट्ट्यात खरखर सोडू शकते. ती ओळखण्याची रीत सोपी आहे : मोकळ्या वारंवारतेवर रेडिओचा स्क्वेल्च (संभाषण नसताना आवाज दाबणारी सोय) उघडायचा व एकेक दिवा लावून ऐकायचे. त्याच वेळी होकायंत्राची तबकडी हलते का, हेही पाहून घ्यावे. तंतुमिश्र पदार्थांच्या (उदा. काचतंतू व राळ) सांगाड्यातून विजेला परतीची वाट मिळत नाही. तेथे वेगळी परतीची तार ओढावी लागते. सर्किट ब्रेकर तारेच्या जाडीवरून ठरतो. एलईडी जवळजवळ तापतच नसल्याने दिव्याच्या काचेवरचा बर्फ वितळत नाही, ही त्याची उणी बाजू.

प्रकार-प्रमाणित (ज्याची रचना विमान-प्राधिकरणाने मंजूर केली आहे अशा) विमानात मान्यताप्राप्त दिवाच मान्य बदलाखाली बसवता येतो. स्वनिर्मित विमानात मोकळीक अधिक, पण कोन तपासण्याचे काम बांधणाऱ्यावरच येते. ढगात स्ट्रोबचा प्रकाश उलटून डोळे दिपत असतील, तर वैमानिक तो बंद ठेवू शकतो.